आमच्या पटाची घटना

आमच्या पटाला घटना नव्हती तोवर आमचं झकास चाललं होतं.

दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली की बोळातल्या बायका आमच्या पुढच्या सोप्यात जमायच्या. मी सोंगट्यांचा पट उलगडायचे, कवड्या खुळखुळायच्या, आणि उन्हं उतरेपर्यंत तिथं कुणी कुणाची सासू नाही की कुणी कुणाची सून नाही. कुणी कुणासमोर बसायचं, कुणाचं दान खरं, कुणाचं हुकलं, कवडी उताणी पडली की नुसती कलली, हे मी सांगायचे. मला कुणी निवडलं नव्हतं. पट माझा, सोपा माझा, आवाज माझा. एवढ्या तीन गोष्टींवर राज्य चालतं, हे मी दिल्लीतल्या मंडळींनाही सांगितलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही.

दिल्लीचं निघालं ते अशासाठी, की त्या हिवाळ्यात तिथं घटना समिती बसली होती. आमचा श्रीपाद वकील. तो सकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा आणि आमचे हे बशीत चहा ओतून "असं का" म्हणायचे. ह्यांचं नाव मी लिहिणार नाही. बोळाच्या तोंडाशी शेंदराच्या देवाचं देऊळ आहे, लंका जाळून आला तो देव. त्याच्या नावापुढं राव लावलं की आमचे हे. माझी अवघी हयात त्या देवळाला "शेंदराचं देऊळ" म्हणण्यात गेली आणि देवाचं त्यावाचून काही अडलं नाही.

श्रीपादची वकिली चालायला लागली तिथं आमचं दुखणं सुरू झालं. पक्षकार येऊन सोप्यात बसायला लागले. एक दिवस खानापूरकडचा कुणी पाटील आमच्या कवड्या ऐकून बाहेर सांगत सुटला, की वकीलसाहेबांच्यात जुगार चालतो, पण माणूस चांगला आहे.

"आई," श्रीपाद म्हणाला, "तुमचं काय ते दुसरीकडं बघा. देवळामागच्या वाचनालयाची मागची खोली दुपारी रिकामी असते."

पोटच्या पोरानं सोप्यातून उठवलं. त्या दिवशी त्याच्या आमटीत मीठ मात्र पडलं नाही, हा निव्वळ विसराळूपणा.

वाचनालयाचे चिटणीस चिंतामणराव. गोरे, बारीक, टोपी सरळ. बोलताना समोरच्याकडं न बघता भिंतीवरच्या नियमांकडं बघायचे. माझ्याबरोबर शेजारची मनुबाई होती आणि जयाबाई होती. मनुबाई अर्धं ऐकते आणि उरलेलं स्वतःच घालते. जयाबाई निपाणीची. तंबाखूच्या वखारीत वाढलेली, त्यामुळं तिच्या बोलण्यानं समोरच्याला ठसका लागतो.

"खोली कुणाला पाहिजे?" चिंतामणराव म्हणाले.

"आम्हाला."

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

"आम्हाला म्हंजे आम्हाला. समोर हुब्या हाय की," जयाबाई म्हणाली.

"बायकांना खोली देता येत नाही. संस्थेला देता येते."

"आणि संस्था कशाची असती?"

"माणसांची."

"मग आम्ही काय म्हशी हाय?"

चिंतामणरावांनी भिंतीकडं बघितलं. म्हशींबद्दल नियमात काही नसावं. मग त्यांनी सांगितलं: संस्थेला नाव पाहिजे, सभापती पाहिजे, घटना पाहिजे, आणि सभासदांची यादी पाहिजे. मागं कुठल्याशा तालमीनं मेलेल्या माणसांची नावं घालून यादी भरली होती. तेव्हापासून प्रत्येक सभासदानं भर सभेत स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगायचं. आपलं, नवऱ्याचं, आडनाव.

"सभापती कशापायी?" मनुबाई म्हणाली. "पती सोडून दोन घटका बसायला तर येतो. हितं आणि एक पती कुणी सांभाळायचा?"

त्यावर "अध्यक्ष म्हणा" असं ठरलं.

आमची सून विद्युल्लता मॅट्रिक झालेली. मास्तरांची मुलगी, म्हणून हे असलं नाव. हाक मारून संपेपर्यंत दूध उतू जातं, म्हणून मी विद्या म्हणते. तिच्या अंगात त्या दिवसापासून वारंच आलं. ती चिटणीस झाली, मला हंगामी अध्यक्ष केलं, आणि श्रीपादची वकिलीची खुर्ची सोप्याच्या मध्यभागी आणून ठेवली. वाचनालय मिळेपर्यंत सभा आमच्यातच होणार होत्या.

मी जन्मात खुर्चीवर बसले नव्हते. पाय जमिनीला पोचेनात. लोंबते पाय बघून मनुबाईला हसू यायला लागलं, म्हणून विद्यानं पायाखाली पाट दिला.

"आत्याबाई, एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "अध्यक्षानं वादात पडायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की निर्णय सांगायचा. मधे बोलायचं नाही."

"मग अध्यक्ष करायचं कशाला?"

"म्हणूनच."

मला हे मोठं नवल वाटलं, अजून वाटतं. ज्याला सगळ्यात वर बसवायचं त्याचंच तोंड बांधायचं, हे ज्यानं शोधून काढलं त्याच्या घरात नक्की माझ्यासारखी कुणीतरी असली पाहिजे. पण मी खुर्ची सोडली नाही. उंचावरून सगळ्यांचे भांग दिसत होते, कुणाच्या केसात ऊ आहे तेही कळत होतं.

पहिल्या सभेत फक्त नावं सांगायची होती. चिंतामणरावांना वाटलं असेल, त्याला कितीसा वेळ लागतो. ते पुरुष. आमच्यात नवऱ्याचं नाव काय ताक मागितल्यासारखं घेतात? उखाणा लागतो. आणि एकीनं घेतलेला उखाणा दुसरीनं घेतला तर चोरी.

जयाबाई उठली, पदर सारखा केला.

"निपाणीच्या तंबाखूला जरद्याचा वास, यल्लाप्पारावांचं नाव घेते सभेसाठी खास."

"आडनाव?" विद्या म्हणाली.

"आडनावाचा वेगळा घ्यायचा व्हय?"

मनुबाईनं घेतला तो उखाणा तिच्या लग्नातल्या वरातीपासून निघाला. बैल आले, बैलांच्या झुली आल्या, सांबऱ्याचा ओढा आला, ओढ्यात बैल बसले, आणि ते काही केल्या उठेनात. तिच्या नवऱ्याचं जोतिबा हे नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण दुसरीनं सांगून चालणार नव्हतं. शेवटी तिच्या तोंडून ते आलं तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. मी काय घेतला ते लिहीत नाही. दाराआडून हे "असं का" म्हणाले, एवढंच सांगते.

एकच नाव राहिलं. कोपऱ्यात नागुबाई बसली होती. ती जयाबाईची धाकटी जाऊ. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दिवसभर ती जयाबाईच्या घरात राबते, यल्लाप्पारावांच्या वखारीतला तंबाखू निवडते, आणि दुपारी पटावर बसली की माणूस बदलतं. कवड्या तिच्या मुठीत गेल्या की काय पडायचं ते तीच ठरवते असं वाटतं. दिवसात हसते कधी, तर तेव्हाच. विद्यानं तिच्याकडं बघितलं. नागुबाईनं मान खाली घातली. कुंकू पुसलेल्या बाईनं उखाणा घ्यायचा नसतो, आणि उखाण्यावाचून नाव कुठलं घ्यायचं? विद्यानं तेवढी जागा कोरी ठेवली आणि म्हणाली, "सभा तहकूब."

"याकूब?" मनुबाई म्हणाली. "टांगेवाला? त्याला कशाला मधी घेता?"

"तहकूब, तहकूब. म्हणजे राहिलेलं काम पुढच्या वेळी."

"मग तसं म्हणा की. बिचाऱ्याचं घोडं आधीच आजारी हाय."

पुढची सभा घटनेची. विद्यानं दारोदार निरोप दिला, "उद्या आत्याबाईंच्यात घटना आहे, सगळ्यांनी यायचं." निरोप चांगलाच होता. पण तो मनुबाईला दिला होता. घटना हा शब्द तिच्या कानात एकदाच बसला होता, श्रीपाद वर्तमानपत्रातून "दुःखद घटना" वाचत होता तेव्हा. दुःखद तिचं तिनं घातलं. पहाटे बेळगुंदीचा दूधवाला आला, त्याला तिनं सांगितलं, "वकिलाच्यात घटना झालीया, रुक्माबाईच्या भावाला सांग बाबा." बेळगुंदी माझं माहेर.

सकाळी मी अंगण सारवत होते. आधी मनुबाई आली, डोक्यावर भाकरीची बुट्टी आणि हातात पिठल्याचं पातेलं. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजारनं आणतात तसं. तिच्या मागून आणखी दोघीजणी, त्याही पातेली घेऊन. कुणी काही बोलेना. मला बघून त्या एकमेकींकडं बघायला लागल्या, म्हणजे मी नव्हे एवढं त्यांच्या ध्यानात आलं. मग सगळ्यांच्या नजरा सोप्याकडं वळल्या. सोप्यात हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते.

तेवढ्यात बैलगाडी बोळात शिरली आणि माझा भाऊ शामू डोक्याला टॉवेल बांधून, "आक्का गं" म्हणून हंबरडा फोडत उतरला. मागं दोन वहिन्या, एक म्हातारा चुलता, आणि कुणीतरी आणलेली गोवऱ्यांची पाटी. ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. शामू जागच्या जागी थांबला.

"दाजी," तो म्हणाला, "तुम्ही हाय की."

"असं का," हे म्हणाले.

मग कोण गेलं ते शोधणं आलं. श्रीपाद आंघोळ करून बाहेर आला, तेव्हा वहिन्यांनी त्याच्याही नावानं आधीच सूर लावला होता, तो त्यांना मधेच गिळावा लागला. चुलत्यानं सांगितलं की कुणी ना कुणी गेलं असणारच, एवढं पिठलं उगाच येत नाही. विद्यानं घटना म्हणजे काय ते सगळ्यांना समजावून सांगितलं. नियम, कलमं, अधिकार. शामूनं ते नीट ऐकून घेतलं आणि डोक्याचा टॉवेल सोडला.

"आक्का, सोंगट्या खेळायला एवढं लागतंय? मग आम्ही गावात भजन कसं म्हणतो?"

मी अध्यक्ष असल्यामुळं मला ह्याचं उत्तर द्यायचं नव्हतं. सगळे पिठलं-भाकरी जेवले. जयाबाई दोनदा जेवली. दुखवट्याचं असतं तर एकदाच जेवली असती.

दुपारी त्याच गर्दीत घटनेची सभा झाली. माहेरची माणसं भिंतीला टेकून बघत होती, म्हणून मी पाटावर पाय ठेवून ताठ बसले. मंडळाला नाव काय, पट कुणी धुवायचा, वादात कवडी कुणी बघायची, अशी कलमं भराभर मंजूर झाली. विद्या लिहीत होती. मला वाटलं, राज्य करणं फार सोपं आहे, नुसतं उंच बसायचं.

मग जयाबाई उठली.

"माझा एक ठराव हाय. ज्या बाईनं सभेत पुरं नाव सांगितलं न्हाय, ती सभासद न्हाय. वाचनालयाचा नियमच हाय. आमच्या नागूनं नाव सांगितलेलं न्हाय. तिनं दुपारचं घरी बसावं. वखारीतनं तंबाखू येऊन पडलाय, तो निवडायचा कुणी?"

नागुबाईनं पटाची घडी मांडीवर घेतली होती. तिची बोटं कडेच्या शिवणीवरून फिरत होती, नाही म्हणायला तेवढीच हालचाल.

मला बोलायचं होतं. मी तोंड उघडलं.

"अध्यक्षांनी बोलू नये," विद्या हळूच म्हणाली.

मी खोकले.

"खोकूही नये, आत्याबाई. ठरावाच्या वेळी त्याचा अर्थ लागतो."

मी मनुबाईकडं बघितलं, की ही तरी काही म्हणेल. मनुबाई म्हणाली, "नियमच हाय म्हणतात, तर काय करायचं." बाकीच्या बायका आपापल्या बांगड्या बघायला लागल्या. त्यांची घरं जयाबाईच्या घराला लागून आहेत, रोज तोंड बघायचं असतं. मला वाटायला लागलं, की ही खुर्ची मला उगाच दिलेली नाही. मला कोंडायला कुणीतरी बांधलेलं हे लाकडाचं खुराडं आहे.

मी पाय पाटावरून काढले आणि खाली उतरले.

"विद्या, ही तुझी खुर्ची. मी आता अध्यक्ष न्हाय. आता बोलू का?"

विद्यानं वही चाळली. "आता हरकत नाही."

"मग ऐका. जयाबाई, मला एक सांग. पटावर कोण बसतंय? तू का यल्लाप्पाराव?"

"मी."

"कवडी कोण टाकतंय?"

"मीच की."

"मग त्यांचं नाव कशाला? ते काय वखारीतनं दान सांगतात? मनूच्या ह्यांनी कधी सोंगटी मारलीया? आमचे हे तर पटाकडं बघून असं का म्हणतात, त्यांना सभासद करता? मेलेली माणसं यादीत घालू नये म्हणून हा नियम केला. नागूचा नवरा देवाघरी गेला. आता त्याचंच नाव घाल म्हणून तुम्हीच सांगता. चिंतामणराव तुम्हालाच धरतील."

शामू भिंतीकडून म्हणाला, "आक्काचं बराबर हाय." त्याला मत नव्हतं, पण गाडी जोडून आला होता.

"माझा ठराव," मी म्हटलं. मला अनुमोदन हा शब्द येत नव्हता, म्हणून मी नुसतं म्हटलं, "जिला पटतंय तिनं हात वर करावा. आजपासून जिनं तिनं आपलं नाव सांगायचं. फक्त आपलं. उखाणा न्हाय, काय न्हाय."

आधी कुणी हात वर करेना. मग मनुबाईचा गेला. उखाण्यातले बैल ओढ्यातून उठवायचे वाचले, हे तिला उमगलं असावं. मग एकेक करत सगळ्यांचे. जयाबाईचा तेवढा राहिला. विद्यानं नवीन पान काढलं, आणि यादी इतक्या चटकन झाली की आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. जया. मनू. रुक्मा. कोपऱ्यातून आवाज आला, "नागू." मग ती थांबली आणि जरा मोठ्यानं म्हणाली, "नागुबाई."

चिंतामणरावांना ही यादी चालली का, विचाराल. भिंतीवरच्या नियमात "पूर्ण नाव" असं होतं. श्रीपादनं त्यांना विचारलं, की माणसाचं स्वतःचं नाव अपुरं कसं? त्यांनी भिंतीवरचा नियम पुन्हा वाचला, आणि किल्ली दिली. पण ते नंतरचं.

"आता खुर्ची रिकामी आहे," विद्या म्हणाली. "कायमचा अध्यक्ष निवडायचा आहे."

मी पदर सावरला. निवडणूक म्हणजे काय, नुसती रीत. नुकताच मी सोपा जिंकला होता, माहेर बघत होतं. मी पाटही जवळ ओढून ठेवला. तरी जयाबाई उभी राहिली, आणि तिच्या घराला घर लागून असलेल्या बायकांनी तिच्यासाठी हात वर केले. माझ्या बाजूच्यांनी माझ्यासाठी केले. आम्हा दोघींना मत नव्हतं. विद्यानं मोजलं, पुन्हा मोजलं.

"समान. फक्त नागुबाईंचं राहिलं."

मला हसूच आलं. जयाबाईचा चेहरा निवडायला टाकलेल्या तंबाखूसारखा झाला. नागुबाईनं मांडीवरचा पट बाजूला ठेवला. शांतपणे उठली.

"माझं मत जाऊबाईंना."

शामू म्हणाला, "आँ?" माझ्या कानशिलात ऊन ऊन लागलं. जिला मत मिळावं म्हणून मी खुर्ची सोडली, तिनं पहिलंच मत माझ्या डोक्यात घातलं. मी पाट उचलून भिंतीला उभा केला. तो जरा जोरात लागला.

जयाबाई खुर्चीवर चढली. तिचेही पाय लोंबत होते, पण तिला पाट मिळाला नाही. तिनं सगळ्यांकडं बघितलं, घसा साफ केला.

"आता पयलं काम. आमच्या निपाणीत असल्या बायकांना—"

"अध्यक्षांनी बोलू नये," विद्या म्हणाली.

"आगं, पण नागूनं दुपारचं—"

"वादात पडू नये."

जयाबाईनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. ती खोकली. विद्यानं नुसतं बघितलं. त्या बाईला मी लग्न होऊन आल्यापासून ओळखते, पण तिला गप्प बसलेली त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. खुर्ची सोडून खाली यावं, तर सगळ्या बोळादेखत मिळालेली खुर्ची. माणूस कसं सोडेल? मला विचारा.

नागुबाईनं माझ्यासमोर पट उलगडला. सोंगट्या मांडल्या. मी तिच्याकडं बघत नव्हते.

"आक्का, रागावला व्हय?"

"मी कशाला रागावू. तुझं मत तुझं."

तिनं एक सोंगटी उचलून पटाच्या मधल्या घरात ठेवली, जिथं फिरून आलेली सोंगटी पिकते, म्हणजे तिचा खेळ संपतो.

"आक्का, पिकल्याली सोंगटी कुणाला मारती व्हय?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "आत नेऊन बसवली की बसली. आणि तुम्ही मला भाईर पायजे. बोलायला."

मी त्या सोंगटीकडं बघितलं, मग खुर्चीकडं. जयाबाई वर ताठ बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. नागुबाई हसली नाही. तिनं कवड्या माझ्या हातात दिल्या.

खेळ उन्हं उतरेपर्यंत चालला. मी हरले. हरताना मी एवढं बोलले, की शामूच्या बैलांनी कान टवकारले.

माणसं गेली, गाडी गेली, श्रीपादची खुर्ची परत त्याच्या जागी गेली. हे परसातून आले आणि चुलीपाशी पाट घेऊन बसले.

"मग?" ते म्हणाले. "आज काय झालं?"

"घटना झाली."

सकाळपासूनचं अंगात भिनलं असावं, ह्यांचा हात कपाळाला गेला.

"कुणाच्यात?"

"जयाबाईच्यात," मी म्हटलं, आणि भाकरी थापायला घेतली.